सहा वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन तिच्या मित्रमैत्रिणींसाठी दिवाळीची खरेदी कशी करावी?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. माझी मुलगी सहा वर्षांची असून यंदा पहिलीत आहे. गेल्या दिवाळीत तिच्या एका मैत्रिणीने फराळाच्या ताटासोबत लाकडी पोळपाट-लाटण्याची चिमुकली जोडी आणून दिली होती. ती तिने वर्षभर जपली आणि आता ‘या वेळी मी पण सगळ्यांना दिवाळीची भेट देणार, आणि ती मीच निवडणार’ असे आपणहून जाहीर केले आहे. तिच्या मनातली ही इच्छा मला फार मोलाची वाटते. मी ऑनलाइन पाच सारखी खोकी मागवून त्यांवर तिचे नाव लिहिले तर काम पाच मिनिटांत होईल, पण त्यात तिचे स्वतःचे असे काहीच उरणार नाही. म्हणून तिला घेऊन बाजारात जायचे ठरवले आहे आणि त्यासाठी अनुभवी पालकांचा सल्ला हवा आहे.

भेटी पाच जणांना द्यायच्या आहेत. शाळेत तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण सतत चित्रे काढत असते. आमच्या इमारतीतला एक सात वर्षांचा मुलगा दरवर्षी मोठ्या हौसेने किल्ला करतो. शेजारचा चार वर्षांचा मुलगा तिचा लाडका आहे, पण त्याची दीड वर्षांची बहीण दिसेल ती वस्तू तोंडात घालते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची आठ वर्षांची मुलगी सुट्टीत आईबरोबर येते आणि दोघी तासन्‌तास खेळतात. पाचवी मैत्रीण मूळच्या वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातली आहे. त्यांच्याकडून आम्हाला नाताळात केक येतो आणि आमच्याकडून त्यांना फराळ जातो. प्रत्येकासाठी सुमारे १५० रुपये खर्च करण्याचा विचार आहे.

माझ्या मुख्य अडचणी अशा आहेत. दिवाळीच्या गर्दीत लहान मुलाला घेऊन तुळशीबागेत जावे का, आणि जायचे तर कधी? दुसऱ्यासाठी घेतलेली वस्तू तिला स्वतःलाच हवीशी वाटू लागते, तेव्हा काय करावे? आणि सगळ्यांना एकसारखे द्यावे की ज्याला जे आवडते ते द्यावे?

शिशुवर्ग

पाऊलवाट, तुमच्या मुलीचे मनापासून कौतुक वाटले. मी बरीच वर्षे बालवाडीत शिकवते आहे, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करते.

दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, ही समज मुलांमध्ये आपल्या अपेक्षेपेक्षा खूप आधी येते. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग बालमानसशास्त्रात नेहमी सांगितला जातो. त्यात मुलांसमोर बिस्किटे आणि कच्च्या ब्रोकोलीचे तुकडे ठेवले होते, आणि प्रयोग करणारी बाई ब्रोकोली खाताना आनंदी व बिस्किट खाताना नाराज चेहरा करून दाखवत असे. नंतर तिने मुलांपुढे हात पसरला, तेव्हा चौदा महिन्यांची मुले बहुतेक वेळा स्वतःला आवडणारे बिस्किटच तिच्या हातावर ठेवत होती, पण अठरा महिन्यांची मुले मात्र स्वतःला न आवडणारी ब्रोकोली तिला देत होती. म्हणजे तुमच्या सहा वर्षांच्या मुलीला ही समज नक्कीच आहे. झगमगणाऱ्या दुकानात शेकडो वस्तू समोर आल्या की ती समज मागे पडते, एवढेच. म्हणून निवड दुकानात होऊ देऊ नका; ती आदल्या दिवशी घरात, शांतपणे झाली पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक मित्रासाठी एक कोरा कागद घ्या आणि तो मित्र काय करताना दिसतो, ते तिला काढू द्या. ‘त्याला काय आवडेल?’ असे विचारले तर मुले स्वतःच्या आवडीची यादी सांगतात, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी ‘तो मधल्या सुट्टीत काय करतो?’, ‘तिच्या कंपासपेटीतले काय सारखे संपते?’, ‘तो कशाबद्दल सारखा बोलतो?’ असे विचारा. मुले एकमेकांना फार बारकाईने पाहत असतात, आणि आपल्याला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी त्या कागदावर उतरतात. या चित्रांवरून प्रत्येकासाठी एखाददुसरी वस्तू ठरवा आणि तेच कागद बाजारात सोबत न्या. दुकानात तिचे लक्ष भलतीकडे गेले की ‘हे कोणाच्या कागदावर आहे?’ एवढे विचारले तरी बहुतेक वेळा पुरते. दुकानदाराला फक्त दोन किंवा तीन नमुने काढायला सांगा आणि त्यांतला एक तिला निवडू द्या. समोर दहा नमुने मांडले तर मोठ्या माणसालाही ठरवता येत नाही.

मैत्रिणीसाठी घेतलेली वस्तू स्वतःला हवीशी वाटणे हे स्वार्थाचे लक्षण मुळीच नाही. तिने मनापासून सुंदर वस्तू निवडली आहे, म्हणूनच ती सोडवत नाही. यावर माझा उपाय इतरांपेक्षा थोडा वेगळा आहे. ‘सगळ्यांचे झाले की शेवटी तुला घेऊ’ असे बहुतेक पालक सांगतात आणि मग मुलाचे सारे लक्ष त्या शेवटाकडेच लागते. मी म्हणेन, तिच्यासाठी ठरलेली एक लहानशी वस्तू सर्वांत आधी घेऊन टाका. आपले मिळालेले मूल दुसऱ्याचा विचार अधिक मोकळेपणाने करते. विकत घेतलेल्या भेटी मात्र लगेच तुमच्या पिशवीत जाऊ द्या आणि त्याच संध्याकाळी कागदात गुंडाळून त्यांवर नावे घाला.

पैसे शक्यतो तिच्या हातून द्यावेत. मोबाइलने चौकोन टिपून पैसे दिले की मुलाला काहीच दिसत नाही. वस्तू जणू फुकट मिळाली असे त्याला वाटते. पाच पाकिटे करून प्रत्येकात दहाच्या पंधरा नोटा घाला. शंभरच्या पुढची बेरीज येत नसली तरी दहाच्या नोटा तिला मोजता येतील, आणि एका पाकिटात उरलेले पैसे दुसऱ्यात घालायचे की नाही याचा निर्णयही तिलाच घेऊ द्या.

कसबेकर

शिशुवर्ग यांनी विचारपूर्वक लिहिले आहे. मी कसबा पेठेत लहानाचा मोठा झालो, म्हणून बाजाराविषयी लिहितो.

मुलांना घेऊन तुळशीबागेत जरूर जावे, पण दिवाळीच्या आधीच्या शनिवारी-रविवारी आणि कोणत्याही संध्याकाळी जाऊ नये. त्या वेळी तिथल्या बोळांमध्ये सहा वर्षांच्या मुलाला माणसांच्या कमरेशिवाय काहीच दिसत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, दुकाने उघडता उघडता पोहोचावे. दुकानदारही तेव्हा मुलांशी निवांतपणे बोलतात. गाडी घेऊन जाऊ नका. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाल्याने तुमचे काम सोपे झाले आहे. वनाजहून बसावे, जिल्हा न्यायालय स्थानकावर स्वारगेटच्या गाडीत बदलावे आणि मंडईला उतरावे. तुमचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तिच्या खिशात ठेवा, आणि चुकामूक झाली तर आहे त्याच जागी थांबून जवळच्या दुकानदाराला ती चिठ्ठी दाखवायची, हे घरातून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. मध्येच पाय दुखले तर तुळशीबागेतल्या पेशवेकालीन राममंदिराच्या आवारात बसता येते. तिच्यासाठी आधी घेतलेली वस्तू मात्र तिच्या हातात देऊ नका, पिशवीत ठेवा. गर्दीत तिचा हात तुमच्या हातात असायला हवा.

तुळशीबागेत पितळी आणि लाकडी भातुकली मिळते. पूर्ण संच तुमच्या रकमेत बसणार नाही, पण एखादी सुटी वस्तू, म्हणजे छोटी कढई, किसणी किंवा पोळपाट-लाटणे, विचारून पाहता येईल. चित्रे काढणाऱ्या मैत्रिणीसाठी अप्पा बळवंत चौकात जा. तिथे वह्या-पुस्तकांबरोबर चित्रकलेचे कागद, तेलखडू आणि रंगही मिळतात, आणि भपकेबाज खोक्यातल्या स्वस्त रंगांपेक्षा जाडसर कागदाची साधी चित्रकला वही आणि तेलखडूंची एक चांगली पेटी तिला कितीतरी अधिक उपयोगी पडेल.

आता किल्ला करणाऱ्या मुलाविषयी, आणि याबद्दल मला अगदी आपुलकीने सांगायचे आहे. त्याला दुसरे काहीही घेऊ नका. किल्ल्यावरची चित्रे, म्हणजे त्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, घ्या. त्यासाठी कसब्यातल्या कुंभारवाड्यात जावे. सिंहासनावरचे शिवाजी महाराज बहुतेकांकडे आधीपासून असतात, त्यामुळे त्याच्याकडे काय आहे ते त्याच्या आईला हळूच विचारून घ्या. मुलांना खरी उणीव भासते ती पहाऱ्यावरच्या मावळ्यांची, तोफांची, आणि पायथ्याशी गाव वसवायला लागणाऱ्या माणसांची: शेतकरी, गवळण, पाणी आणणारी बाई, बैलगाडी. पाच-सहा लहान चित्रे तुमच्या मुलीने एकेक करून निवडावीत. हा मावळा बुरुजावर उभा राहील की दरवाजात, असा विचार ती करू लागली की ती त्याच्या किल्ल्यात मनाने शिरलेली असेल. शक्य असल्यास शाडूची चित्रे मागा. प्लास्टरची चित्रे अधिक रेखीव दिसतात, पण माझा कल मातीकडे आहे, कारण दिवाळीनंतर किल्ला मोडताना फुटलेले चित्र त्याच मातीत मिसळून जाते.

या भेटीला वेळेचे बंधन आहे, ते कृपया लक्षात घ्या. मुले सुट्टी लागताच दगड-विटा रचून, त्यावर पोते टाकून माती लिंपायला घेतात. मग हळीव किंवा मोहरी पेरतात. दोन-तीन दिवसांत कोंब फुटतात आणि आणखी काही दिवसांत डोंगर हिरवा होतो. वसुबारसेपर्यंत किल्ला उभा राहिलेला असतो. भाऊबिजेला मावळे हाती पडले तर त्या बिचाऱ्याला त्यांचा काय उपयोग? बाकी भेटी पाडव्याला दिल्या तरी चालतील, पण ही सुट्टीच्या पहिल्याच दिवशी पोहोचवा, सोबत हळिवाची एक पुडी द्या, आणि त्याची हरकत नसेल तर तुमच्या मुलीला त्या दिवशी तिथेच चिखलात बसू द्या.

शुश्रूषा

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु शेजारच्या चार वर्षांच्या मुलाची भेट ठरवताना त्याच्या दीड वर्षांच्या बहिणीचा विचार आधी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या घरात तोंडात वस्तू घालणारे बाळ आहे, त्या घरात जाणारी प्रत्येक भेट त्या बाळाच्याही हाती पडणार, असेच धरून चालावे.

सर्वांत मोठा धोका गोल, चपट्या बटण सेलचा आहे. दिवाळीत मिळणाऱ्या बॅटरीवरच्या पणत्यांत, दिव्याच्या अंगठ्यांत आणि गाणी वाजणाऱ्या शुभेच्छापत्रांत हेच सेल असतात, आणि त्यांचे झाकण पुष्कळदा नखानेही उघडते. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते, आणि सुरुवातीला बाळाला फारसा त्रास दिसेलच असे नाही. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. ज्या खेळण्याचे सेलचे झाकण स्क्रूने बंद केलेले नाही, ते त्या घरासाठी घेऊच नये. सुटे लोहचुंबकाचे मणीही तितकेच घातक आहेत, कारण एकाहून अधिक चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये चिमटून धरतात. फुगे आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे यांचीही मला फार भीती वाटते.

खेळण्याचा भाग गिळण्याइतका लहान आहे का, हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्या नळीत जो भाग पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालील मुलांना देऊ नये. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, म्हणजे त्याच्या आकाराच्या वस्तूही त्या घरासाठी लहानच ठरतात. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे बंधनकारक आहे, तेव्हा कारखान्यात बनलेले खेळणे घेताना ते चिन्ह आणि वयाची सूचना पाहावी. नोंदणीकृत कारागिरांनी हाताने बनवलेल्या खेळण्यांना या नियमातून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीची किंवा चन्नपट्टणची लाकडी खेळणी घेताना रंग घासून सुटतो का आणि कडा गुळगुळीत आहेत का, हे स्वतः हात फिरवून पाहावे.

मी त्या मुलासाठी मोठा, एकसंध लाकडी ट्रक किंवा मऊ रबरी चेंडू घेतला असता. दोन्ही भावंडे त्याच्याशी खेळू शकतील आणि त्याच्या आईला सारखे लक्ष ठेवावे लागणार नाही. कसबेकर यांनी सुचवलेली किल्ल्यावरची चित्रे सुंदर असली तरी ती शोभेची आहेत. ती या घरात नकोत.

वाचनालय

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रक्कम सर्वांसाठी सारखी असावी, वस्तू वेगवेगळी असावी आणि वरचा कागद पुन्हा सारखा असावा. मुले आधी खोके पाहतात आणि कोणाचे मोठे, कोणाचे लहान याची तुलना करतात.

स्वयंपाकाच्या ताईंच्या मुलीविषयी विशेष सांगावेसे वाटते. तिची भेट तिच्या आईच्या दिवाळीच्या बोनसबरोबर, मिठाईच्या पुड्यासोबत देऊ नये. आईला द्यायचे ते तिच्या कामाचे आणि तिच्या हक्काचे आहे. मुलीला मिळणारी भेट एका मैत्रिणीने दुसरीला दिलेली आहे. दोन्ही एका पिशवीत घातल्या तर त्या आठ वर्षांच्या मुलीला आपण मैत्रीण आहोत की कामवाल्या बाईंची मुलगी, हा प्रश्न पडेल, आणि मुलांना हे फरक फार लवकर कळतात. तुमच्या मुलीने स्वतः तिच्या हातात भेट द्यावी. तिला तुमच्या मुलीला काही द्यावेसे वाटले, तर ते तितक्याच आनंदाने घ्यावे.

तिच्यासाठी मी दिवाळी अंक सुचवतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने मराठीत दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली, आणि तेव्हापासून आपल्याकडे फराळाइतकेच अंकाला महत्त्व आहे, ते लहानांच्या वाट्याला मात्र फार थोडे येते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. आठ वर्षांच्या मुलीला त्यातला बराच भाग स्वतः वाचता येईल आणि उरलेला ती मोठी होताना वाचेल. आजकाल अंक आधी विकत घेऊन ठेवणे बरे, कारण मुलांचे अंक प्रत्येक दुकानात नसतात. पहिल्या पानावर तुमच्या मुलीला तिच्याच अक्षरात दोघींची नावे आणि वर्ष लिहू द्या. अक्षर वेडेवाकडे आले तरी ते दुरुस्त करू नका.

वसईच्या मैत्रिणीबद्दल संकोच बाळगण्याचे कारण दिसत नाही. तुमच्या दोन्ही घरांत आधीच केक आणि फराळ जातो-येतो, त्यात मुलांची एक भेट वाढेल. आकाशकंदील करण्याचे साहित्य तिच्यासाठी घ्यावे असे मला वाटते: घोटीव कागद, कामट्या, दोरा आणि खळ. दिवाळीत दोघींनी मिळून एक करावा, आणि तिच्या घरी नाताळात तारा लावत असतील तर उरलेल्या कागदातून तोही करता येईल.

पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज दुपारी शिशुवर्ग यांनी सांगितल्याप्रमाणे कागद घेऊन बसलो. चित्रे काढणाऱ्या मैत्रिणीबद्दल विचारल्यावर मुलगी म्हणाली, ‘तिचा पांढरा खडू नेहमी आधी संपतो, कारण ती ढग खूप काढते.’ म्हणून तेलखडूंच्या पेटीबरोबर पांढरे खडू सुटे मिळतात का ते पाहणार आहोत. किल्ल्याची चित्रे, लाकडी ट्रक, ‘किशोर’चा अंक आणि आकाशकंदिलाचे साहित्य, असे बाकीचे ठरले आहे. अंक आणि मावळे वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने खरेदी दोन सकाळींमध्ये विभागली आहे. ताईंच्या मुलीविषयी जे लिहिले आहे, ते मी घरात सर्वांना वाचून दाखवले.

आता मुलीने आणखी एक हट्ट धरला आहे. प्रत्येक भेटीसोबत तिला स्वतः रंगवलेली एक मातीची पणती द्यायची आहे. कोणते रंग वापरावेत, आणि रंगवलेल्या पणतीत खरी वात लावली तर चालते का?

कसबेकर

चालते, थोडी काळजी घेतली तर. कुंभारवाड्यात साध्या, न रंगवलेल्या पणत्या मिळतील. मावळे घ्याल तेव्हाच त्याही घ्या आणि फुटतील म्हणून दोन-तीन जास्त घ्या. घरी आणल्यावर काही तास पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे माती कमी तेल शोषते, आणि नंतर उन्हात खडखडीत वाळवा. ओल्या पणतीवर रंग धरत नाही. रंग फक्त बाहेरच्या बाजूने द्यावा. आतली बाजू आणि वातीची चोच कोरीच ठेवावी, कारण ज्योत तिथे टेकते. मुलांसाठी पाण्यात कालवायचे पोस्टर रंग पुरेसे आहेत. चमक यावी म्हणून वरून वॉर्निश लावू नका, ते पेट घेऊ शकते. शेजारच्या चार वर्षांच्या मुलाची पणती त्याच्या आईच्या हाती द्यावी. रंगवून झाल्यावर एक दिवस वाळू द्याव्यात आणि वर्तमानपत्राच्या कागदात एकेक स्वतंत्र गुंडाळाव्यात, नाहीतर नेताना एकमेकींवर आपटून कडा उडतात.